यंदा भीमगड नक्की

जून संपत आला की बेळगावच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: राकसकोपचं पाणी किती चढलं. शहराला प्यायचं पाणी तिथून येतं म्हणून ती सगळेच वाचतात. तिच्या शेजारी पावसाच्या आकड्यांची एक चौकट असते, ती मात्र घरातली पुरुषमाणसंच वाचतात, आणि मोठ्यानं वाचतात. अथणीचा शेतकरी वर्षभर जेवढ्या पावसाची वाट बघतो, तेवढा कणकुंबीत एखाद्या जोरदार आठवड्यात पडून मोकळा होतो. जिल्हा एकच. कणकुंबीचा आकडा वाचून झाला की वाचणारा चष्मा काढतो, खिडकीबाहेर बघतो आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतो, "यंदा जंगलात जायचंच बघा."

इथं ट्रेक सुरू होतो. पुढं कुणी चालतं की नाही, हा निराळा विषय.

जंगल काही लांब नाही. वर्षावन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ॲमेझॉन येतं आणि ते बघायला विमानाचं तिकीट लागतं. आमच्याकडं लाल बसचं पुरतं. जांबोटी ओलांडून बस कणकुंबीकडं निघाली की पावसाळ्यात ड्रायव्हर भर दुपारी दिवे लावतो. खानापूर तालुक्याचा हा सगळा पश्चिम पट्टा सदाहरित आणि निमसदाहरित रानाचा. खाली उतरलं की गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला दांडेलीचं जंगल. हे सगळं इतकं उशाशी आहे म्हणूनच कुणी जात नाही. लांब असतं तर रजा काढून, प्रसंगी कर्ज काढून गेले असते. बेळगावात असे कितीतरी गृहस्थ आहेत की जे हिमालयात जाऊन आले, केरळातल्या होडीत बसून आले, आणि वज्रपोहा धबधब्याचं नाव काढलं की म्हणतात, "ते काय, हितंच हाय की. कवाबी जाता येतं."

दरवर्षी एक समिती बसते. समितीत कोण कोण असतं हे सांगायला हवं, कारण बेळगावातल्या सगळ्या ट्रेक-समित्या थोड्याफार फरकानं सारख्याच असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात; ते नियम सांगतात. पुण्याहून आलेला एक भाचा असतो. तो सामान सांगतो. एक जाणकार असतात, जे कॉलेजात असताना भीमगडावर गेले होते आणि त्या भांडवलावर आजवर निभावून नेत आहेत. त्यांनी सांगितलेली प्रत्येक वाट "तेव्हा तिथं एक मोठं आंब्याचं झाड होतं" अशी सुरू होते आणि "आता आहे की नाही, बघाय पायजे" अशी संपते. निपाणीचे एक दाजी असतात, तंबाखूच्या व्यापारातले. आणि वहिनी असतात. वहिनी समितीत नसतात, पण चहा त्यांच्या हातचा असतो, त्यामुळं ठराव त्यांच्या पुढूनच जातात.

पहिल्या बैठकीत दूधसागर निघतो. तो निघाल्याशिवाय बैठक कायदेशीर धरत नाहीत. तीनशे दहा मीटर उंचीचा धबधबा आणि त्याच्या पोटावरून जाणारी रेल्वे. १८८८ साली पोर्तुगीजांच्या गोव्याला जोडणारी ही लाइन घाटात घातली गेली. जाणकारांच्या तरुणपणी लोंढ्याहून गाडी पकडायची, कॅसलरॉकला उतरायचं आणि रुळांतून चालत सुटायचं, अशी रीत होती. बोगदे, करंझोळ, मग दूधसागर. पुढं २०१३ मध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' आला आणि गाडी धबधब्यापुढं थांबते असा समज साऱ्या देशाचा झाला. गर्दी अशी वाढली की रेल्वेनं रुळांतून चालणं सक्तीनं बंद केलं. जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी तिथं सापडलेल्या ट्रेकवाल्यांना रुळांशेजारी कान धरून उठाबशा काढायला लावल्या. त्याचा व्हिडिओ बेळगावात घरोघरी पोचला, आणि आपला मुलगा त्यात आहे का हे बघायला बऱ्याच आयांनी तो थांबवून थांबवून पाहिला.

"कलम १४७," काका म्हणाले. "रेल्वे कायदा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

"उठाबशा कुठल्या कलमात?" भाच्यानं विचारलं.

काका थोडे अडखळले. उठाबशांना कलम नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं हा धोका का पत्करावा, असा मुद्दा त्यांनी मांडला आणि तो मान्य झाला.

मग गोव्याच्या बाजूनं, कुळेहून जीपनं जायचं निघालं. तर पावसाळ्यात ती वाट बंद. ऑक्टोबरात जीप सुरू होतात. गोवा सरकारनं २०२३ च्या जुलैत, माणसं बुडायला लागली तेव्हा, अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाणंच थांबवलं होतं. धबधब्यांच्या बाबतीत सगळ्या सरकारांचं एक धोरण जुळलेलं दिसतं: पाणी आहे तोवर वाट बंद, वाट उघडते तोवर पाणी कमी. यात सरकारची चूक अशी काढता येत नाही. सेल्फीसाठी शेवाळावर उभं राहणारी जमात बघितली की मला खुद्द धबधब्याचीच काळजी वाटते.

दूधसागर असा एकमतानं फेटाळला गेला की भीमगड येतो. खरं तर सगळी समिती भीमगडासाठीच जमलेली असते. दूधसागर हा नमस्काराचा भाग. भीमगड शिवकालीन किल्ला, पोर्तुगीजांवर नजर ठेवायला बांधलेला. भोवतीचं एकशे नव्वद चौरस किलोमीटर जंगल २०११ मध्ये अभयारण्य झालं. आत जायला परवानगी लागते, आणि कर्नाटकात ट्रेकच्या वाटांना आता ऑनलाइन बुकिंगही आलं आहे. "पूर्वी असं काही नव्हतं," असं जाणकार म्हणाले. पूर्वी माणसंही नव्हती, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं की भीमगडाजवळच्या बारापेडे गुहांत एक जगप्रसिद्ध प्राणी राहतो. सगळे सरसावून बसले. वाघ? काळा बिबट्या? ते वटवाघूळ निघालं. रॉटनचं वटवाघूळ. लंडनच्या संग्रहालयातल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि पुढं कितीतरी दशकं, हे वटवाघूळ जगात फक्त आमच्या खानापूर तालुक्यातल्या त्या एका गुहेत आहे, असंच जगभरचे अभ्यासक धरून चालले. मग त्याचे नातेवाईक मेघालयात निघाले, कंबोडियातही निघाले. बेळगावकरांना याचं नवल वाटलं नाही. इथं जन्मलेला कोण शेवटपर्यंत इथं राहिलाय? सगळे पुण्याला नाही तर बेंगळुरूला. हे बिचारं कंबोडियाला गेलं एवढंच.

दुसरा जगप्रसिद्ध रहिवासी चोर्ला घाटात आहे. तोही २०११ मध्येच जाहीर झाला: मोठं, पट्टेवालं देवगांडूळ. पाय नाहीत, दिसायला गांडूळ आणि कुळानं बेडकाचं. ते मातीखाली राहतं. म्हणजे आमच्या जंगलातले दोन सर्वांत नामवंत जीव बघायचे तर एकासाठी काळोख्या गुहेत वर बघायला हवं आणि दुसऱ्यासाठी खणायला हवं, आणि दोन्हीला कायद्याची मनाई. "मग बघायचं काय?" असं वहिनींनी चहाचे कप उचलताना विचारलं. त्याला समितीकडं उत्तर नव्हतं.

वन्यप्राण्यांबद्दल समितीचं धोरण एकंदर गुंतागुंतीचं असतं. प्राणी दिसायला हवेत, पण लांबून. वाघ दिसावा, पण त्याला आपण दिसू नये. गवा दिसावा, पण कळपातला. एकटा नर नको. अस्वल मात्र कुणालाच नको असतं. खानापूरच्या जंगलात अस्वलानं झडप घातल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्या वाचलेला प्रत्येक माणूस अस्वलापासून वाचायचा एकेक उपाय राखून असतो. पालथं पडून मेल्याचं सोंग घ्यावं, असं काका म्हणाले. उताराच्या बाजूला पळावं, असं जाणकार म्हणाले. दाजी म्हणाले, "आपण सगळ्यांच्या मधी चालायचं." तिन्ही उपायांत अंमलात आणण्याजोगा तेवढा एकच होता. त्यामुळं मधे कोण चालणार यावर पुढचा अर्धा तास गेला.

खरं सांगायचं तर बेळगावात प्राणी बघायला जंगलात जायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बिबट्या स्वतःच गावात आला आणि भर शहरातल्या गोल्फ मैदानाच्या झाडीत जाऊन बसला. आसपासच्या बावीस शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. सापळे लावले, कॅमेरे लावले, शिमोग्याकडच्या छावणीतून हत्ती मागवले. महिनाभर शोध चालला. बिबट्या सापडला नाही. शाळेला सुट्टी मिळालेली पोरं आजही त्याचं नाव आदरानं घेतात. त्या महिन्यात एक गोष्ट सिद्ध झाली. गोल्फ मैदानाएवढ्या जागेत, हत्तीवर बसलेल्या तज्ज्ञांनाही जो दिसत नाही, तो एकशे नव्वद चौरस किलोमीटरांत रेनकोट घालून बडबडत चाललेल्या आमच्या लटांबराला दिसेल, ही आशा धरायला फार मोठं मन लागतं. बेळगावकराचं मन मोठं आहेच. मांडे इथं खरोखरचे मिळतात, तरी आम्ही मनातलेही खातो.

आता दाजींचं. दाजी राहतात निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. मनानं ते १ नोव्हेंबर १९५६ पासून महाराष्ट्रात आहेत, त्यांचा जन्म त्यानंतरचा असला तरी. त्यांचा आग्रह असा की जंगलच बघायचं तर दाजीपूरचं बघूया, नाही तर आंबोलीला जाऊया. निपाणीहून आजऱ्यावरून आंबोली काही लांब नाही. आंबोलीत धबधबा रस्त्यालाच लागतो, भाजलेलं कणीस मिळतं, पाट्या मराठीत आहेत. "आपल्या राज्यातलं जंगल सोडून दुसऱ्याच्या राज्यात कशाला जायचं?" असं ते बेळगावात बसून म्हणाले. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ट्रेकपुरता तो आमच्या बैठकीच्या खोलीत सुटावा अशी त्यांची अपेक्षा होती.

भाचा पुण्यात वाढल्यामुळं त्याला या दुखण्याची कल्पना नाही. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "पण झाडं तीच ना?" झाडं तीच. प्राणीसुद्धा तेच. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, कर्नाटकाचा हत्ती, गोव्याचा गवा. तिन्ही राज्यांचे हे तिन्ही मानकरी खानापूरच्या एकाच रानात राहतात आणि अजून कुणी कुणाविरुद्ध दावा लावलेला नाही. हत्तींनी तर २००२ च्या सुमारास कर्नाटकातून थेट दोडामार्गात मुक्काम हलवला. बाग खाल्ल्याबद्दल त्यांच्यावर तक्रारी झाल्या, पण कुठल्या राज्यातून आलात आणि परवाना कुठाय, हे कुणी विचारलेलं ऐकिवात नाही.

पाण्याचं मात्र तसं नाही. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला तोंड करून कृष्णेकडं जाते. थोड्याच अंतरावर देगावच्या रानात म्हादई उगवते, ती पश्चिमेला वळते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. दोघींनी आपापसांत वाट वाटून घेतली; राज्यांना ते जमलं नाही. २०१० मध्ये लवाद बसला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला: गोव्याला चोवीस टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. निवाड्यानंतरही भांडण चालूच आहे. दाजींना यातला फक्त शेवटचा आकडा पाठ आहे. वज्रपोहा म्हादईवरचाच, जांबोटीच्या पलीकडं गवाळी आणि चापोलीच्या मधे. त्याचं नाव निघालं की ते म्हणतात, "त्यात आमचंबी एक पॉइंट तेहतीस हाय." वज्रपोहाच्या बाजूनं दाजींचं मत पडलं ते या आकड्यामुळं. चोर्ल्याच्या वाटेवर मोबाइल तर सारखा स्वागत करत सुटतो. गोव्यात स्वागत, महाराष्ट्रात स्वागत, कर्नाटकात स्वागत, परत गोव्यात; आणि माणूस भजी खात एकाच टपरीत उभा असतो. दाजी यातला महाराष्ट्राचा तेवढा संदेश जपून ठेवतात.

पण आंबोलीचा पत्ता खऱ्या अर्थानं कापला तो वहिनींनी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. ही शक्ती योजना राज्याच्या हद्दीपर्यंत चालते. कणकुंबीपर्यंत शून्य रुपयांचं तिकीट, आंबोलीला पूर्ण. वहिनींनी ट्रेमधून कप ठेवता ठेवता हा हिशेब सांगितला आणि भाषावार प्रांतरचनेनंतर प्रथमच दाजींना बोलायला शब्द सापडेना. मग ते म्हणाले, "म्हंजे ह्या फुकट जाणार आन् आपण पैसं भरायचं?" अगदी तसंच. त्यामुळं बायकाही येणार असं ठरलं. नेमकं हेच समितीला नको होतं.

जळवांचा विषय निघाला आणि दाजींची गेलेली पत परत आली. खानापूरच्या पावसाळी रानात वाघ दिसेल-न दिसेल, जळू दिसणारच. म्हणजे ती आधी लागते, मग दिसते. पानाच्या टोकाला उभी राहून ती हलत असते. माणसाची ऊब, श्वास, पायांची धडधड तिला कळते. चावल्याचं आपल्याला कळत नाही, कारण त्या कामात ती फार वाकबगार आहे. तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून पोट भरून ती गळून पडली तरी मोजे लाल होत राहतात. एरवी इजा फारशी नाही. आयुर्वेदात तर तिला मुद्दाम लावतात. परंतु ज्या माणसाला रक्त तपासायला बोट टोचलं तरी भोवळ येते, त्याला हे समजावून उपयोग नसतो.

भाच्यानं पिशवीतून गुडघ्यापर्यंत येणारे जळूबंद मोजे काढले. ऑनलाइन मागवलेले, घट्ट विणीचे, वर नाडी. ते हातोहात फिरले. काकांनी लेबल वाचलं. जाणकारांनी ओढून बघितले. मग दाजींनी खिशातून एक पुडी काढून टीपॉयवर ठेवली.

"निपाणीचा माल," ते म्हणाले. "रातभर पाण्यात भिजवायचा, त्या पाण्यात मोजं बुडवायचं आन् वाळवायचं. जळू काय, जळूची आजी जवळ यायची न्हाई."

उपाय जुनाच आहे. घाटात राबणारी माणसं तंबाखू, मीठ, चुना यांतलं जे हाताशी असेल ते पायाला लावतात. पण दाजींनी तो असा मांडला की निपाणीच्या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या तंबाखू पिकली ती या एका दिवसासाठीच. आणि मग जे घडलं ते दाजींच्या संसारात कधी घडलं नव्हतं. त्यांच्या पुडीवर आयुष्यभर तोंड सोडलेल्या ताई म्हणाल्या, "मग जरा जास्तीच घ्या की बरोबर." दाजींनी हे वाक्य लिहून घेता येईल का, असं विचारलं. काकांनी एक कायदेशीर शंका काढली: अभयारण्यात तंबाखू न्यायला बंदी असेल, पण मोज्यांत मुरलेली तंबाखू म्हणजे तंबाखू की मोजा? यावर त्या रात्री निर्णय झाला नाही.

सामानाची यादी भाच्यानं केली होती: साठ लिटरची सॅक, चालायची काठी, शिट्टी, डोक्याला बांधायचा दिवा, प्रत्येकी अमुक इतकं पाणी. यादी वाचून झाल्यावर सगळे जरा वेळ गप्प बसले, कारण त्यात खायचं काही नव्हतं. "एनर्जी बार आहेत की," भाचा म्हणाला. बेळगावात ही गोष्ट बोलायची नसते. वहिनींनी यादी हातात घेतली आणि उलट बाजूला लिहायला लागल्या: भाकरी, झुणका, शेंगांची चटणी, दही, पुलाव (गार झाला तरी चालतो), चुरमुरे, कांदा, कुंदा. कुंदा दोन ठिकाणचा, कारण कॅम्पातला चांगला की शहापुरातला यावर गेली कित्येक वर्षं या घरात दोन तट आहेत. पावसात गारठा होतो म्हणून आलेपाक. लहान मुलं आली तर बिस्किटं. लहान मुलं येणार का, हे अजून ठरलेलं नव्हतं, पण बिस्किटं ठरली. हे सगळं साठ लिटरमध्ये मावेना. तेव्हा भाच्याच्या बेस कॅम्पचा प्रश्न आपोआप सुटला: बेस कॅम्प जांबोटीतल्या आत्याबाईंच्या घरी. तिथं जेवायचं, मग ट्रेक. जेवल्यावर कुणी उठून चालेल का, ही शंका भाच्यानं काढली. त्याला सांगण्यात आलं की तू अजून लहान आहेस.

राहिली तारीख. आषाढात पाऊस फार, ओढे भरलेले, त्यामुळं नको. श्रावण लागला की निम्मी समिती उपासाला. नागपंचमीच्या आठवड्यात वहिनींचा स्पष्ट नकार: एकीकडं नागाला दूध द्यायचं आणि दुसरीकडं त्याच्या घरात बूट घालून शिरायचं, हे बरं दिसत नाही. मग गणपती, बेळगावात गणपतीच्या दिवसांत मंडळ सोडून जंगलात गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं ते कुणी बघितलेलं नाही, कारण कुणी गेलेलंच नाही. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये. ट्रेक हे शुभकार्य आहे काय, यावर काकांनी भटजींना फोन लावला. भटजी म्हणाले, मलाही न्या. नवरात्रात पहाटे उठून दुर्गामाता दौड. जी माणसं नऊ दिवस पहाटे पाचला गल्लीबोळांतून धावतात त्यांना भीमगड चढायला दम लागेल असं म्हणवत नाही; पण दहाव्या दिवशी ती माणसं झोपतात. नंतर दिवाळी. दिवाळीत बेळगावची पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात, बुरूज, दरवाजे, अळीव पेरून केलेलं जंगल, वर मावळे. भीमगडही असतो. बेळगावातले बरेच लोक भीमगड बघतात तो तिथंच, आणि खरोखरीच्या गडापेक्षा त्यावर पाट्या चांगल्या असतात.

एका रविवारी मात्र समितीतले आम्ही तिघे-चौघे पाहणीला म्हणून जांबोटीच्या पुढं गेलो. पाहणी हा ट्रेक नसतो. त्याला परवानगी लागत नाही, भजी लागतात. एका वाडीच्या तिठ्यावर डोक्यावर इरलं आणि पायांत प्लास्टिकच्या चपला घातलेले एक बाबा गुरं घेऊन उभे होते. भाच्यानं त्यांना वाट विचारली. कुठं जायचंय, असं त्यांनी विचारलं. धबधबा बघायला, असं सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. सॅक, काठी, मोजे.

"पाणी बघायला जातासा?" ते म्हणाले. आणि वर पडणाऱ्या पावसाकडं बघून गप्प राहिले.

"वाट अवघड आहे का?"

"न्हाई वो. आमची पोरं शाळंला जात्यात त्याच वाटनं." मग दाजींच्या पोटाकडं बघून म्हणाले, "तुम्हासनी जमंल का ते सांगता येत न्हाई."

भाच्यानं मोबाइलमध्ये 'अवघड' अशी नोंद केली.

भीमगडच्या पोटातल्या वाड्यांना रस्ता नाही, वीज धड नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून चार खांद्यांवर जंगलातून बाहेर आणावं लागतं, आणि तशा बातम्याही आमच्याच वर्तमानपत्रांत येतात, पावसाच्या चौकटीपासून चार पानं आत. आम्ही आत कसं जायचं ते ठरवत होतो त्याच २०२५ मध्ये तळेवाडीची माणसं सरकारी मदत घेऊन बाहेर पडायचं ठरवत होती. त्यांचं ठरलं.

परवानगीचा अर्ज आणला गेला. तो कन्नडमध्ये होता. दाजी बाजारात कन्नड असं बोलतात की हुबळीचा व्यापारीही फसतो, पण सरकारी अर्ज पुढं आला की तत्त्वापोटी त्यांना एक अक्षर येत नाही. काकांनी तो वाचून सांगितला. नावं, वयं, आधार क्रमांक इथवर ठीक होतं. मग 'प्रवेशाचा उद्देश' असा रकाना आला. अभ्यास लिहावं तर कशाचा ते सांगावं लागतं. निसर्गप्रेम लिहायला सगळ्यांनाच संकोच वाटला. जाणकार म्हणाले, 'जुनी आठवण' लिहा. शेवटी तो रकाना मोकळा सोडून सगळे खालच्या ओळीकडं वळले, आणि तिथं, वन्यप्राण्यांपासून इजा झाल्यास जबाबदारी स्वतःची, यावर सही करायची होती. सही करण्यापूर्वी घरी विचारून येतो, असं सांगून तीन पुरुष उठले.

एवढ्या धामधुमीत एक काम मात्र पुरं झालं होतं. वर्गणी गोळा झाल्यावर भाच्यानं टी-शर्ट छापायला दिले. गडद हिरवे, पाठीवर धबधबा, पुढं 'भीमगड ट्रेक'. ते छान निघाले. काका सकाळी फिरायला जाताना घालतात, जाणकार बँकेत घालून जातात, वहिनींनी एक धाकट्या जावेला दिला. दुकानदारानं फोन करून विचारलं होतं की खाली साल टाकायचं का, चार आकड्यांचे वेगळे पैसे पडणार नाहीत. भाचा हो म्हणणार होता. दाजींनी फोन त्याच्या हातातून घेतला.

"साल नको," ते म्हणाले. "कापड चांगलं वापरा."

त्या ठरावाला कुणाचाही विरोध झाला नाही.